१.७ ग्रॅमचा गर कुठे टाकायचा? काजू युनिटमधल्या एका स्वमग्न तरुणाचं प्रकरण

सिंधुदुर्गातल्या एका काजू युनिटची ही हकिगत आहे. युनिट मध्यम आकाराचं, माणसं तीसेक, त्यांतल्या बहुतेक बायका. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आसपासच्या बागांतली बी येते. ती संपली की पश्चिम आफ्रिकेतून आलेली पोती उघडतात आणि काम चालू राहतं. बी वाळवायची, वाफेवर शिजवायची, फोडायची, गर बोर्म्यात, म्हणजे सुकवायच्या भट्टीत, सुकवायचा, साल काढायची, निवडायचा, डब्यात भरायचा. शंभर किलो बीतून गर निघतो साधारण २५ ते ३० किलो. खरेदीपासून निवडीपर्यंत कुठेही हात चुकला की नुकसान मालकाचं. हे आधीच सांगते, कारण पुढे या मालकाच्या काही निर्णयांचा राग येईल. मलाही आला होता. पण या धंद्यात चूक पोटात घालायला जागा फार कमी असते, हेही खरं आहे.

मी विशेष शिक्षिका आहे. शाळा संपल्यावर आमच्या मुलांचं काय होतं, हा प्रश्न मला शाळेतल्या प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो. ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याच्या आणि घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. गाव, युनिट आणि माणसांची नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

युनिटवर येण्याआधी

त्याचं स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान उशिरा झालं, बारावीनंतर. तोपर्यंत गावाने त्याला आपापल्या परीने नावं ठेवली होती: हट्टी, शिष्ट, अर्धवट. ‘शिष्ट’ कशामुळे, तर घरात, वाडीत सगळे मालवणी बोलत असताना हा लहानपणापासून पुस्तकी मराठी बोलायचा. ‘मला पाणी हवे आहे’ असं आईला सांगणारा मुलगा कोकणातल्या घरात वेगळाच उठून दिसतो. स्वमग्न मुलांमध्ये असं पुस्तकी बोलणं पुष्कळदा आढळतं. त्यात तोरा काही नसतो. भाषा माणसांच्या घोळक्यातून येण्याऐवजी छापील पानांतून आणि टीव्हीवरून आलेली असते, इतकंच. पण वाडीला हे कोण सांगणार?

बारावीला गणितात चांगले गुण, निबंधात काठावर पास. मग किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पर्यटकांच्या सीझनमध्ये काम; ते सुटलं. मग एका दुकानाच्या गल्ल्यावर, तेही सुटलं. दोन्हीकडे कारण एकच सांगण्यात आलं, ‘गिऱ्हाइकाशी बोलत नाही.’ शेवटी त्याची मावशी, जी या युनिटमध्ये बी फोडायला बसायची, त्याला सोबत घेऊन आली.

मालकाने मावशीच्या शब्दावर त्याला ठेवलं आणि हलकं काम दिलं. क्रेट उचलायचे, बोर्म्यातले ट्रे आत-बाहेर करायचे, डबे पुसायचे. आपल्याकडे दिव्यांग माणसाला काम द्यायचं म्हटलं की पहिला विचार ‘हलकं काम’ हाच येतो. त्यामागे दया असते, हेतू चांगला असतो. पण हलकं काम म्हणजे बहुतेक वेळा कुणाचंच नसलेलं काम. त्याला ठरलेली सुरुवात नसते, ठरलेला शेवट नसतो, कुणीही यावं आणि कुठलाही हुकूम द्यावा. स्वमग्न माणसासाठी याहून जड काम शोधून सापडणार नाही.

काय बिघडत होतं

पहिला मोठा प्रसंग बोर्म्याचा. त्याला सांगितलं होतं, ‘चार वाजता ट्रे काढ.’ मधे वीज गेली, बराच वेळ आली नाही, बोर्मा थंड पडला. चार वाजता त्याने ट्रे काढले. गर नीट सुकला नव्हता, साल सुटेना, सोलणीच्या बायका हातावर हात ठेवून बसल्या. मालक संतापला: एवढी साधी गोष्ट कळू नये? पण त्याने सांगितलं तेच केलं होतं. ‘वीज गेली तर तेवढा वेळ पुढे धर’ हे वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं, कारण बाकीच्यांना ते उच्चारावं लागत नाही. पुढच्या वेळी त्याला सांगण्यात आलं, ‘गर जरा कडक झाला की काढ.’ त्याने विचारलं, ‘जरा म्हणजे किती?’ हा उलट प्रश्न उद्धटपणा ठरला.

दुसरा प्रसंग जनरेटरचा. पावसाळ्याच्या तोंडावर वीज सारखी जायला लागली. जनरेटर भिंतीला लागूनच होता. तो अचानक धडधडला की हा कान दाबून पोत्यांच्या मागे बसायचा आणि घशातल्या घशात एक सूर धरायचा. एकदा कुणीतरी चांगल्या मनाने त्याचा हात धरून ओढलं. त्याने ढकललं. ओढणाऱ्याच्या हातातला ट्रे पडला, निवडलेला माल मातीत गेला. मालक म्हणाला, उद्यापासून नको.

आवाज, स्पर्श, वास यांची तीव्र किंवा उलट फार मंद जाणीव ही स्वमग्नतेच्या खुणांपैकी एक आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत ती २०१३ पासून स्पष्टपणे नोंदलेली आहे. जनरेटरचा तो आवाज त्याच्या अंगावर कसा आदळत असेल, याचा मी अंदाजच करू शकते. कान दाबणं आणि सूर धरणं हा त्याने स्वतःसाठी शोधलेला उपाय होता. आपण तो उपाय त्याच्या हातातून हिसकावला आणि वर त्यालाच हिंसक ठरवलं.

मावशीचा फोन आला तेव्हा मी गेले. मालकाने मला चहा दिला आणि सरळच सांगितलं, “बाई, मुलगो बरो आसा, पण माका हंय शाळा चलवूची नाय.” मला त्याचं बोलणं पटलं. युनिट म्हणजे शाळा नव्हे, आणि दयेवर टिकवलेली नोकरी पहिल्या तोट्याला जाते. म्हणून मी त्याच्यासाठी रदबदली केली नाही. मी फक्त विचारलं, युनिटमध्ये सध्या सगळ्यात जास्त पैसे कुठे गळतात?

उत्तर आलं: निवडीत. वाशीच्या व्यापाऱ्याने त्या वर्षी दोनदा कुरकुर केली होती की २४० नंबरच्या डब्यात माल मिसळलेला येतो.

टेबलावरचा प्रश्न

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आख्ख्या पांढऱ्या गराचा नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात त्याची मोजणी. १८० नंबर सर्वांत मोठा, मग २१०, २४०, ३२०, ४५०. नंबर जितका लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. २४० नंबरात पौंडाला २२० ते २४० गर, ३२० नंबरात ३०० ते ३२०. निवडीच्या टेबलावर मात्र कुणी मोजत नाही. बायका गर बोटांवरून सोडतात आणि ढीग पडत जातात. वर्षानुवर्षांचा हात असतो तो.

त्याला मी विचारलं, तुला कुठे काम करायला आवडेल? त्याने माझ्याकडे न बघता टेबलाकडे बोट केलं आणि खिशातून एक वही काढली. दुपारच्या सुट्टीत, सगळे जेवत असताना, तो डबे भरायच्या काट्यावर गर मोजत बसायचा. आकडेमोड त्याची बरोबर होती. २४० नंबरचा गर सरासरी १.८९ ते २.०६ ग्रॅमचा. ३२० नंबरचा १.४२ ते १.५१ ग्रॅमचा. आणि खाली एक ओळ: ‘१.७ ग्रॅमचा गर कुठे टाकायचा?’

मी ती वही मालकापुढे ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने टेबलावरच्या बायकांना एकेक करून तसा एक गर दाखवला. कुणी २४० म्हणाली, कुणी ३२०. व्यापाऱ्याची तक्रार तिथेच होती. दोन नंबरांच्या मधला माल ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे इकडे किंवा तिकडे पडत होता. खरं तर २८० हाही नंबर व्यापारात असतो, पौंडाला २६० ते २८०, आणि १.७ ग्रॅमचा गर नेमका त्यात बसतो. या युनिटमध्ये तो वेगळा काढायची पद्धतच नव्हती.

या प्रश्नाला कुणी हुशारी म्हणेल. मला त्यात दुसरंच काही दिसतं. अशा प्रश्नावर बाकी सगळे अंदाजाने पुढे जातात आणि आपण अंदाज केला हे त्यांच्या लक्षातही येत नाही. त्याला पुढे जाता येत नाही. नियम अर्धवट असेल तर तो तिथेच अडकतो, अस्वस्थ होतो, पुन्हा पुन्हा विचारतो. बोर्म्याजवळ ‘जरा म्हणजे किती?’ असं विचारणारा आणि टेबलाजवळ ‘१.७ कुठे?’ असं विचारणारा माणूस एकच, प्रश्नही एकच. पहिल्या प्रश्नावर तो उद्धट ठरला, दुसऱ्यावर कामाचा ठरला. गुण आणि दोष अशी दोन खाती त्याच्या स्वभावात नाहीत. ती आपण उघडतो, आपल्या सोयीने.

काकींचे नमुने

निवडीच्या टेबलावर सगळ्यात जुन्या बाईंना सगळे काकी म्हणतात. त्याला शिकवायचं तर त्यांनीच, हे उघड होतं. त्यांनी आधी हात झटकले. “हाताक कळता, ता तोंडान कसा सांगूचा?” हा प्रश्नही त्याच्या प्रश्नाइतकाच खरा होता. काकींच्या बोटांत जे ज्ञान होतं ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या आजारी पडल्या की युनिटचा दर्जा घसरायचा, हे मालकाला ठाऊक होतं, पण त्यावर इलाज आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मग ठरलं की तोंडाने सांगूच नका, नमुना ठेवा. काकींनी एका लाकडी ट्रेमध्ये खण पाडून घेतले. प्रत्येक नंबरासाठी तीन गर: सगळ्यात लहान चालेल तो, मधला, सगळ्यात मोठा चालेल तो. शेजारी नको असलेल्या मालाचे खण: करपलेला, डागी, कीड लागलेला, सुरकुतलेला, काठ तुटलेला. काठ किती तुटला तर आख्ख्यात चालतो आणि किती तुटला तर तुकड्यात जातो, यावर काकी आणि तो बराच वेळ बसून होते. काकींना हे ठरवताना स्वतःच्याच हाताचे निर्णय पहिल्यांदा दिसत होते. त्या मधेच थांबून म्हणायच्या, “अरे, ह्या मी असा करतंय?” मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. स्वमग्न मुलाला सामावून घेताना एका निवृत्तीच्या वयाला आलेल्या बाईंचं कौशल्य पहिल्यांदा युनिटच्या मालकीचं झालं.

बाकीचे बदल खर्चाच्या मानाने किरकोळ होते. त्याची जागा उत्तरेकडच्या खिडकीपाशी, जनरेटरच्या भिंतीपासून सर्वांत लांब. कानांवर लावायचे मफ. जनरेटर सुरू करण्याआधी मशीनवरचा माणूस टेबलापाशी येऊन हात वर करायचा आणि याने मान हलवल्यावरच बटण दाबायचा. हुकूम एकाच माणसाने द्यायचा, काकींनी, आणि पाटीवर लिहून: कुठला माल, किती ट्रे, काय झालं की काम संपलं. बोर्म्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, पण बोर्म्याच्या दारावरही एक पाटी लागली, ‘वीज गेली तर तेवढा वेळ पुढे.’ चहा तो एकटा, बाहेर आंब्याखाली घेईल आणि त्याला कुणी शिष्ट म्हणणार नाही, हेही बोलून ठरलं. सुट्ट्यांची यादी आधी लिहून दिली. कोकणात गणपतीला युनिट बंद होतं हे सगळ्यांना माहीतच असतं. पण नेमकं कधी बंद आणि कधी सुरू, हे आदल्या दिवसापर्यंत कुणी सांगत नाही. ती तारीख भिंतीवर लागल्यावर फक्त त्यालाच नाही, मुंबईहून येणाऱ्या घरच्यांसाठी बेत आखणाऱ्या सगळ्या बायकांना सोयीचं झालं.

पगार

इथे मी सगळ्यात जास्त भांडले. टेबलावरचं काम किलोवर होतं. तो हळू होता, आजही आहे. किलोवर पैसे दिले असते तर सगळ्यात कमी चुका करणारा माणूस सगळ्यात कमी कमावणारा ठरला असता. मालकाने सुचवलं, त्याला शिकाऊ म्हणून ठेवू, थोडं मानधन देऊ, त्याला पैशाचं काय एवढं? घरच्यांनीही मान डोलावली. मुलाला कुणी ठेवून घेतलं हेच त्यांना उपकारासारखं वाटत होतं.

मला हे अजिबात मान्य नव्हतं. पैशाचं त्याला तितकंच आहे जितकं तुम्हाआम्हाला आहे. त्याचं काम वेगळं होतं, तर त्याचा दरही त्या कामाचा हवा. शेवटी तो निवडणारा न राहता तपासणारा झाला. बायकांनी निवडलेल्या ट्रेंमधून नमुना काढून मोजायचा, वजन करायचं, मिसळ असेल तर ट्रे परत पाठवायचा. रोजावर, टेबलावरच्या अनुभवी बाईइतक्या रोजावर. ‘वेगळेपण हीच ताकद’ असं म्हणायचं आणि त्या ताकदीचे पैसे द्यायच्या वेळी ‘बिचारा’ म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही.

टेबलावरचा राग

बायकांना हे रुचलं नाही, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. “कालचो पोरगो आमका शिकयता?” त्यात तो परत पाठवलेला ट्रे हातात घेऊन मोठ्याने सांगायचा की अमुक बाईंच्या मालात सात गर चुकीचे आहेत. नाव घेऊन, सगळ्यांसमोर. त्याला ती माहिती वाटायची, ऐकणाऱ्याला अपमान. एक बाई दोन दिवस रडवेल्या होत्या.

ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली एक विचार मांडला, तो इथे फार उपयोगी पडतो. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचं म्हणणं असं की स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही, हे अर्धंच खरं आहे. इतरांनाही स्वमग्न माणसाचं मन कळत नाही. अडचण दोघांच्या मधे असते, एकाच्या आत नसते. काकींनी मिल्टनचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही, पण त्या रडवेल्या बाईंना त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या प्रशिक्षणांत अजून सांगते: “तो माणसाक बोलणा नाय, काजूक बोलता.”

त्यालाही आम्ही सांगितलं, आणि सरळ सांगितलं. आडून सुचवलं असतं तर ते त्याच्यापर्यंत पोचलं नसतं. नाव घेतलं की माणसाला वाईट वाटतं, म्हणून ट्रेचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी ट्रेत टाकायची, बोलायचं नाही. त्याने लगेच मान्य केलं आणि विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

राग पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. एकदोघी आजही त्याच्याशी बोलत नाहीत. पण चिठ्ठ्या सुरू झाल्यावर वाद चिठ्ठीवर होऊ लागले, माणसावर नाही.

चांगलं चाललेलं असताना

व्यापाऱ्याच्या तक्रारी थांबल्या. २८० नंबरचा माल वेगळा जाऊ लागला. आणि मग जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण असल्या यशोगाथा साधारण इथेच थांबवल्या जातात.

मालकाच्या घरातल्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून ‘काजूचा कॉम्प्युटर’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवला. त्याला न विचारता. ओळखीचे-अनोळखी लोक युनिटवर येऊन त्याच्यासमोर मूठभर काजू धरायचे आणि म्हणायचे, सांग बघू किती ग्रॅम. तो सांगू शकत नव्हता. तो काट्यावर मोजतो, डोळ्यांनी वजन सांगणारा जादूगार तो कधीच नव्हता. विलक्षण म्हणावी अशी एखादी क्षमता स्वमग्न लोकांपैकी थोड्यांतच असते, आणि प्रत्येक स्वमग्न माणसाला आकडे आवडतात असंही नाही. ज्या मुलाला वीस वर्षं अर्धवट ठरवलं त्यालाच आता अजब ठरवलं जात होतं. दोन्ही वेळा तो माणूस म्हणून कुणाला दिसला नाही. तो व्हिडिओ मी काढून टाकायला लावला, तरी फॉरवर्ड झालेला परत येत नाही.

त्याच सुमारास दिवाळीच्या ऑर्डरी आल्या. काजूचा हा सगळ्यात धावपळीचा काळ. मालकाने सगळी तपासणी त्याच्यावर टाकली, संध्याकाळी थांबवायला लागला. तो नाही म्हणाला नाही. त्याला थकवा लवकर कळतच नाही. भूक, तहान, शीण यांचे आतले इशारे बऱ्याच स्वमग्न लोकांपर्यंत उशिरा पोचतात. डबा न खाता परत यायला लागला. मग एका सकाळी अंथरुणातून उठला नाही. बोलणंही जवळजवळ बंद झालं. कित्येक दिवस तो घराबाहेर पडला नाही, आणि आईला वाटलं, सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

मालकाची भाषा क्षणात बदलली: एवढं सगळं केलं आणि ऐन वेळी हा असा. मी त्याला विचारलं, तुमचा सगळ्यात चांगला काटा तुम्ही क्षमतेच्या दुप्पट वजन ठेवून वापरता का? न्यूरोडायव्हर्सिटीबद्दल, म्हणजे माणसांचे मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने चालतात या विचाराबद्दल, बोलताना ‘ताकद’ हा शब्द मीही वापरते, पण त्याला मी आता थोडी घाबरते. माणूस ताकदवान आहे असं ठरलं की त्याच्या सोयी आधी काढून घेतल्या जातात. आता याला जमतंय की! मफ कशाला, पाटी कशाला? ऑर्डरींच्या गडबडीत काकी दुसऱ्या कामाला गेल्या होत्या आणि पाटी कोरी पडली होती. कुणी मुद्दाम काढून घेतली नव्हती. ती लिहायला कुणाला वेळ नव्हता एवढंच.

तो परतला तेव्हा दिवसाचे ट्रे ठरवून दिले. तेवढे झाले की त्याचं काम संपलं, ऑर्डर उभी असली तरी. जेवणाची वेळ पाटीवर, खाल्ल्याची खूणही पाटीवर. आणि तपासणीसाठी दुसरं माणूस तयार करायचं, जेणेकरून सगळं युनिट एका खांद्यावर उभं राहणार नाही. मालकाने ही शेवटची अट नाखुशीने मानली.

डबे भरणारी बाई

ते दुसरं माणूस कोण, यावरून एक गोष्ट बाहेर आली जी कुणाच्याच हिशेबात नव्हती. डबे भरणाऱ्या एका पस्तिशीतल्या बाईला काकींनी सुचवलं. ती घाबरली. “माका वाचूचा काम नको, बाकी कायव द्या.” लेबलं चिकटवताना तिच्या चुका व्हायच्या हे सगळ्यांना माहीत होतं, त्यावरून ती बोलणीही खायची. सातवीत शाळा सोडलेली. अक्षरं ओळखते, पण शब्द जुळवता जुळवता वाक्य निसटतं. २४० आणि ४२० यांत गडबड होते. तिचं निदान कधी झालं नाही, आणि मी ते इथे बसून करणार नाही. तिने एवढंच विचारलं, काकींच्या ट्रेत जसे गर ठेवलेत, तसं लेबलाचं काही करता येईल का?

आता प्रत्येक नंबराला एक रंग आहे. ट्रेच्या चिठ्ठीलाही, डब्याच्या लेबलालाही. तिच्या चुका जवळजवळ थांबल्या.

या बाईत मला कुठलीही खास शक्ती सापडली नाही. ती नीट, मन लावून काम करणारी साधी बाई आहे. तिच्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं. त्या तरुणाच्या वहीतल्या आकड्यांनी मालकाचं मन वळलं, हे चांगलंच झालं. पण ती वही नसती तर? सोय मिळण्यासाठी आधी काहीतरी अचाट करून दाखवावं लागत असेल तर बहुतेक माणसं दाराबाहेरच राहतील. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ असं काही मागत नाही. त्यातल्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, आकडे यांतली अडचण) आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हा त्या कायद्याच्या व्याख्येत भेदभाव आहे. खासगी युनिटनेही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. २० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ते सविस्तर हवं आणि एक संपर्क अधिकारीही नेमायला हवा. या मालकाला हे माहीत नव्हतं. त्याच्या ओळखीतल्या एकाही कारखानदाराला माहीत नव्हतं. आपल्याकडे हा विषय आला की बोलणं सॉफ्टवेअरपाशी जातं. स्वमग्न लोकांना कामावर घेणाऱ्या डेन्मार्कमधल्या स्पेशालिस्टर्न या कंपनीने २००४ मध्ये सुरुवात केली, २०१३ मध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने स्वमग्न लोकांची भरती जाहीर केली, ही उदाहरणं मीही देते. पण कोकणातला रोजगार काजूत आहे, आंब्यात आहे, मासळीत आणि पर्यटनात आहे, आणि धोरणाचा कागद तिथे अजून पोचलेला नाही.

आज काय अडतं

एसटी. त्याची एकच गाडी आहे, आणि ती रद्द झाली की तो थांब्यावर उभाच राहतो. वडाप घे म्हटलं तर त्यात अनोळखी माणसांना खेटून बसावं लागतं. यावर अजून तोडगा निघालेला नाही. प्रमाणपत्राचंही रखडलंय. स्वमग्नतेची तीव्रता ठरवायला ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात, आणि त्यासाठी शासकीय रुग्णालयात फेऱ्या माराव्या लागतात. त्यापेक्षा मोठी अडचण घरात आहे. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं आहे आणि कागदावर शिक्का नको, असं वडील म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही, पण दर भेटीत विषय काढते.

सध्या चर्चा आहे ती खरेदीची. बी विकत घेताना नमुना काढतात: किलोभर बी मोजायची, फोडायची, चांगला गर किती, सुरकुतलेला किती, किडका किती, याचं वजन करायचं. आयात मालाचा भाव तर ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल यावरच ठरतो. मालक आजवर हे मूठभर बी फोडून, अंदाजाने करत आला. त्या तरुणाने स्वतःहून सांगितलं आहे की त्याला हे काम करायचं आहे. मालकाची शंका अशी की तिथे बागायतदार समोर बसलेले असतात, घासाघीस चालते, आवाज चढतात. काकींचं म्हणणं, त्याने आतल्या खोलीत फोडावं, मोजावं आणि आकडा लिहून बाहेर पाठवावा. बोलायचं ते मालकाने बोलावं. तो म्हणतो, चालेल, पण नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून असा तिन्हीकडून काढलेला हवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. मालकाने अजून होकार दिलेला नाही. नमुना काढायचा पोकळ बांबू मात्र त्याने दुरुस्तीला दिला आहे, आणि फेब्रुवारीत पहिली बी येईल तेव्हा दोन बागायतदारांच्या मालावर हे करून बघायचं ठरलं आहे.